मी नाव खांद्यावर घेतली

वल्हेकरीण | शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे वाचनमात्र होते, आज लिहायला बसलेय. मूळची कोथरूडची. नोकरीनिमित्त दीड वर्ष दक्षिण जर्मनीत काढून गेल्या महिन्यात परत आले. तिथे असताना आल्प्समधल्या एका ओढ्यात कयाक घेऊन उतरले होते. ती गोष्ट घरी, ऑफिसात, सोसायटीच्या गच्चीवर आणि दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा सांगून झाली. सगळीकडे शेवटी एकच प्रश्न येतो, "मग तो शेवटचा धबधबा केलास की नाही?" नाही केला. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जसं काही मी त्यांचे तिकिटाचे पैसे बुडवले. म्हणून म्हटलं, जिथे लोक वाद घालायला वेळ काढून येतात तिथेच सांगावं.

आधी शब्दांचा घोळ. या खेळात 'क्रीक' म्हणजे आपली ठाण्याची खाडी नव्हे. डोंगरातून उभा उतरणारा, अरुंद, दगडगोट्यांचा ओढा. पाणी थोडं, उतार भयंकर. मोठ्या नदीत लाटा असतात, इथे पायऱ्या असतात. एका पायरीवरून पडायचं, खालच्या डोहात सावरायचं, कडेच्या एडीत शिरून श्वास घ्यायचा आणि पुढची पायरी बघायची. नावेतून दिसत नसेल तर उतरून काठाने चालत जाऊन बघायची. दिवसाचा निम्मा वेळ या बघण्यात जातो, व्हिडिओत तेवढंच कापलेलं असतं.

एडीला शब्दकोश 'भोवरा' म्हणतात. प्रवाहात मोठा दगड असला की त्याच्या मागे पाणी शांत होतं, थोडं उलटं वरच्या दिशेलाही वळतं, ती एडी. भोवरा म्हटलं की आपल्याला बुडणं आठवतं आणि एडी तर आमचा बसथांबा! नेमका मराठी शब्द कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

माझी शिदोरी म्हणाल तर, वल्हं धरायला शिकले कॉलेजात असताना पुण्यातल्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर. संगमाजवळचं सपाट पाणी, जलपर्णी आणि तो वास. उलटलेली नाव आत बसल्याबसल्या सुलटी करायची म्हणजे रोल. तो तिथे शिकायचा नसतो हे पुणेकराला सांगावं लागत नाही. तो शिकले पोहण्याच्या तलावात. मग कोलाडला कुंडलिकेत, मग दोन हिवाळे ऋषिकेशला, एकदा नेपाळात सेतीवर. सगळी मिळून आठ वर्षं.

सप्टेंबरात आम्ही तिघं ऑस्ट्रियात टिरोलला गेलो. मी, ऑफिसातली एक मैत्रीण आणि तिच्या क्लबातले एक साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांना आपण आजोबा म्हणू (त्यांना कळलं तर चिडतील). पहिल्या दिवशी इन नदीवर, इम्स्टच्या घळीत. तिथे राफ्टवाल्यांची आपल्या कोलाडसारखीच झुंबड असते. दुसऱ्या दिवशी ओत्झ नदीवरचा वेलरब्रुकचा टप्पा नुसता काठावरून बघितला. ओत्झी नावाचा तो गोठलेला माणूस १९९१ मध्ये ज्या डोंगरांत सापडला, तिथलंच हे खोरं. वेलरब्रुकला २००८ पासून काही वर्षं एक्स्ट्रीम कयाकची जागतिक स्पर्धा भरायची आणि ती ऑक्टोबरात. उन्हाळ्यात हिमनद्या वितळून नदी सिमेंट कालवल्यासारखी राखाडी आणि फुगलेली असते. थंडी सुरू झाली की वरचा नळ बंद होतो. दिवसाभरातही तेच गणित चालतं. पहाटे पाणी सगळ्यात कमी, दुपारचं ऊन लागलं की संध्याकाळपर्यंत चढत जातं. सकाळी बघून ठेवलेली पायरी दुपारी चारला वेगळीच निघते.

तिसऱ्या दिवशीचा ओढा आमचा. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या मे महिन्यात युरोप टूरवाल्या कोणाच्या तरी यादीत तो चढायचा. लांबी जेमतेम तीन किलोमीटर. आजोबांच्या अंदाजाने पाणी सेकंदाला आठेक घनमीटर, उतार किलोमीटरला पन्नासेक मीटर. पाणी इतकं गार की चेहऱ्यावर पहिला शिपका आला की कपाळात, थेट भुवयांच्या मध्ये, आइसक्रीम घाईने खाल्ल्यासारखी कळ येते. अंगात ड्रायसूट, डोक्यात हेल्मेट, कमरेला नावेचं तोंड बंद करणारा स्कर्ट. क्रीकची नाव साधारण अडीच-पावणेतीन मीटरची, फुगीर, नाकाड वर उचललेलं, म्हणजे पडल्यावर लवकर वर यावं. वजन वीस-बावीस किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिली पायरी दोन मीटरची. इथे 'बूफ' करायचा असतो. कडेवर पोचता पोचता एक जोरकस वल्हं ओढून नाव पुढे झेपावायची, म्हणजे ती नाक खुपसून न पडता सपाट पडते आणि खालच्या घुसळणीच्या पलीकडे जाते. पडताना जो 'बूफ्' आवाज येतो त्यावरूनच हे नाव पडलंय. माझं वल्हं अर्धा सेकंद उशिरा पडलं. नाक खाली गेलं, मी खाली गेले, आणि पाण्याने मला मागे, पायरीच्या पायथ्याशी ओढून घेतलं. याला होल म्हणतात. वरून पडणारं पाणी तळाशी जातं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं पायरीकडे परत येतं. त्यात फेसच फेस, म्हणजे निम्मी हवा. वल्ह्याला पकड मिळत नाही, जॅकेट तरंगवत नाही. एक रोल फसला, दुसरा फसला. स्कर्ट ओढून बाहेर पडले. मैत्रिणीने काठावरून दोराची पिशवी फेकली ती नेमकी खांद्यावर आली. सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद. मला तेव्हा आठवलं काय, तर घरच्या गॅसचं बुकिंग राहिलंय. अगदी खरं सांगतेय.

पुढची पायरी नीट झाली. तिसरी चार मीटरची. खाली डोह, डोहाच्या डाव्या अंगाला कोसळलेल्या शिळांचा ढीग, आणि जवळजवळ निम्मं पाणी त्या शिळांच्या फटींतून आरपार जात होतं. त्याला सीव्ह म्हणतात, चाळण. पाणी गाळून जातं, माणूस अडकतो. आजोबांनी पाच काटक्या एकेक करून वरून सोडल्या. तीन उजवीकडून सुखरूप खाली आल्या. दोन डाव्या ढिगाऱ्यात गेल्या. त्यातली एक बऱ्याच वेळाने बाहेर आली. दुसरीची आम्ही वाट बघत राहिलो.

मैत्रीण गेली. देखणा बूफ, उजव्या एडीत वळली, हेल्मेटवर हात मारून 'मी ठीक' अशी खूण केली. मी पंधरा मिनिटं उभी होते. मग नाव खांद्यावर घेतली आणि काठाने निघाले. ओली मुळं, शेवाळ, अंगाला लागली की खाजकुयलीसारखी आग करणारी पानं. जेमतेम दोनशे मीटरला चाळीस मिनिटं. माझ्या मागोमाग आजोबाही नाव घेऊन आले. ते या पायरीवरून अकरा वेळा गेलेत. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "आज नको वाटलं," आणि सूप पीत राहिले.

मला त्या वाटेवर शहाणं वगैरे अजिबात वाटत नव्हतं. मैत्रिणीचा हेवा वाटत होता आणि खांदा दुखत होता. तो हेवा अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हा धागा.

तिरकस | शनिवार, रात्री ११:३१

लेखन छान. पण घरी आई-वडील आहेत ना? एवढे युरो खर्चून बुडायला जायचं आणि मग बुडले नाही म्हणून धागा काढायचा. आमच्या वेळी पर्वती चढली तरी पुरायची.

कर्वेरोडकर | शनिवार, रात्री ११:४०

फोटो कुठेत? फोटोशिवाय धागा म्हणजे... असो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

निवृत्त_पाटबंधारे | रविवार, सकाळी ६:१५

लेख पहाटे वाचला. अडतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली, म्हणून चार आकडे मांडतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

आपल्याकडे पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असं मोजतात. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. तुमचे ८ घनमीटर म्हणजे सुमारे २८० क्युसेक. पुणेकर हे ऐकून हसेल. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं आणि एकतानगरीत घराघरांत शिरलं. २८० क्युसेकने भिडे पुलाचा पायसुद्धा नीट भिजणार नाही. आपल्या मुठा उजव्या कालव्यात नेहमीच्या आवर्तनाला यापेक्षा जास्त पाणी असतं आणि त्याच्या काठाने लोक सकाळी फिरायला जातात.

फरक उताराचा आहे. चार मीटरवरून पडलेलं पाणी तळाशी सेकंदाला जवळजवळ नऊ मीटरने पोचतं, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. आणि पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर रेटा चौपट. माणसाचं आडवं अंग साधारण अर्धा चौरस मीटर धरा. दोन मीटर वेगाच्या पाण्यात त्यावर शंभर किलोंच्या आसपास भार येतो, चार मीटरला चारशे. त्या चाळणीत अडकलेल्या माणसाला दोघांनी हाताने ओढून काढणं म्हणूनच होत नाही. क्युसेकच्या बातम्या वाचून पाण्याची भीती ठरवायची आपल्याला सवय झाली आहे. तो आकडा पूररेषेसाठी ठीक आहे, ओढ्यासाठी नाही.

आणि तुम्ही ज्याला होल म्हणता तो आमच्या जुन्या ओळखीचा. धरणाच्या सांडव्याखाली आम्ही तो मुद्दाम घडवतो. वरून येणाऱ्या पाण्याचा जोर तिथल्या तिथे स्वतःशीच घुसळून मरावा, खालचं पात्र खणलं जाऊ नये, यासाठी. म्हणजे तुम्ही त्या दिवशी पाण्याचा जोर मारायच्या यंत्रात वीस सेकंद बसून आलात.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा पानशेत फुटलं. १२ जुलै १९६१. पाणी म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे तीच दुपार येते, त्यामुळे हौसेने पाण्यात उतरणाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. रागाने नाही.

वल्हेकरीण | रविवार, सकाळी ९:०५

काका, 'जोर मारायच्या यंत्रात बसून आलात' हे वाक्य आईला वाचून दाखवलं. आज नाश्ता मिळालेला नाही.

अडकलेल्या माणसाबद्दल अगदी बरोबर. म्हणून प्रत्येकाकडे दोराबरोबर कप्प्या आणि कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) असतात. दोर झेडसारखा फिरवला की तिप्पट ओढ मिळते. पण ते रचायला सराईतांनाही काही मिनिटं लागतात, आणि डोकं पाण्याखाली असेल तर तेवढी मिनिटं हातात नसतात.

तिरकसराव, आई-वडील आहेत, दोघंही मला पोहायला टिळक तलावावर नेऊन सोडणारे. चूक त्यांचीच.

कर्वेरोडकर, फोटो नाहीत. कॅमेरा हेल्मेटवर होता, पहिल्याच होलमध्ये गेला. तो अजून तिथेच शूटिंग करत असेल.

रावळजेकर | रविवार, दुपारी २:२०

ताई, मी कोलाडला अकरा वर्षं राफ्टवर गाइड आहे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

एडीला आम्ही एडीच म्हणतो. पण माझा आजा याच नदीत मासे धरायचा, तो म्हणायचा 'दगडाआडचं पाणी'. मासा पण तिथंच थांबतो. तुमचा बसथांबा त्याला आधीपासून ठाऊक.

दुसरं सांगायचं म्हणजे, पुण्या-मुंबईची माणसं आमच्याकडं येतात, जॅकेट घालून पाण्यात उड्या मारतात, आणि पहिलं काय करतात तर गुडघाभर पाण्यात पाय टेकून उभं राहायला बघतात. वाहत्या पाण्यात कधीच उभं राहू नका. तळाला दोन दगडांच्या फटीत पाऊल गेलं की पाणी मागून ढकलतं, माणूस तोंडावर पडतो, पाऊल निघत नाही. गुडघाभर पाण्यात माणसं जातात ती अशी. उताणं व्हायचं, पाय पुढं प्रवाहाच्या दिशेला आणि वर, आपल्या बोटांचे अंगठे आपल्याला दिसले पाहिजेत. काठ जवळ आला की पालथं होऊन पोहायचं. पुढं आडवं झाड असलं तर मात्र उलट, डोकं पुढं करून जोरात पोहत जाऊन त्याच्यावर चढायचं, खाली जायचं नाही.

हे मी दर ट्रिपला सांगतो. निम्मे सेल्फी काढत असतात.

शमा | रविवार, दुपारी ३:४८

रावळजेकर, हा प्रतिसाद छापून भुशी डॅमच्या पायऱ्यांवर लावायला हवा. २०२४ च्या जूनअखेरीस तिथल्या ओढ्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ मी अर्धाच बघू शकले. आधी पाणी घोट्याएवढं होतं, मग वर पाऊस झाला. वल्हेकरणीकडे निदान हेल्मेट होतं, दोर होता, बरोबर जाणकार होते. आपण वर्षासहलीला चपला घालून, कडेवर मूल घेऊन त्याच पाण्यात जातो आणि त्याला कोणी साहस म्हणत नाही.

घाटवाटा | रविवार, संध्याकाळी ५:१०

प्रश्न : मग हे ताम्हिणीत का होत नाही? पावसात एवढे ओढे, एवढे धबधबे. देवकुंडचा डोह तर काय आहे!

निवृत्त_पाटबंधारे | रविवार, संध्याकाळी ६:०२

घाटवाटा, सह्याद्री हा लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. कठीण थर, मऊ थर, पुन्हा कठीण. त्यामुळे आपले ओढे सलग उतरत नाहीत. सपाट चालतात आणि मग एकदम कडा, पन्नास-शंभर मीटर खाली. तिथे नावेचं काय करणार? दुसरं, आपल्या ओढ्यांना बर्फाचा साठा नाही. वर ढग फुटला की तासाभरात पाणी दुप्पट-तिप्पट, थांबला की ओसरलं. आल्प्सचा ओढा घड्याळाप्रमाणे चढतो-उतरतो, आपला मनाप्रमाणे.

शिवाय देवकुंडला दरवर्षी पावसाळ्यात बंदी घालावी लागते, पोहणाऱ्यांमुळे. त्यात नावा कशाला?

वल्हेकरीण | रविवार, रात्री ९:२०

थोडी भर. पश्चिम घाटात हा खेळ अजिबात नाही असं नाही. केरळात कोळिकोडजवळ कोडंचेरीला जुलैत मलबार रिव्हर फेस्टिव्हल होतो, चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर. भर पावसात, देशोदेशीचे कयाकर येतात. तिथली दगडांची घडण वेगळी आहे, उतार सलग मिळतो. मी एकदा प्रेक्षक म्हणून गेलेय. काठावर छत्र्या, चहा, केळ्याचे वेफर्स, आणि पाण्यात शाळकरी दिसणारी पोरं आमच्यापेक्षा बरे बूफ मारत होती.

मुळशीचा_नातू | रविवार, रात्री ९:५५

कोलाडचा विषय निघालाच आहे म्हणून. कुंडलिकेत तुम्ही जे पाणी वापरता ते कुंडलिकेचं नाहीच. ते मुळशी धरणाचं. नीला-मुळेचं पाणी, जे पुण्याकडे, भीमेत, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला उतरवून १९२७ पासून वीज करतात आणि मग ते पश्चिमेला वाहतं. ज्या जमिनींवर ते धरण आहे त्यासाठी सेनापती बापटांबरोबर मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला होता. माझे पणजोबा त्यात होते. राफ्टिंग करू नका असं म्हणत नाही. माहीत असावं एवढंच.

रावळजेकर | रविवार, रात्री १०:३०

दादा, बरोबर. आमचं पोट त्या पाण्यावर आहे आणि तुमचं गाव त्याच्या खाली आहे. दोन्ही खरं. वीज बनली तरच सकाळी आम्हाला पाणी येतं, नाही बनली तर पाहुणे वडापाव खाऊन परत जातात.

चिंतातुर_आई | सोमवार, सकाळी ११:१७

मी इथे नवीन आहे. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. मागच्या वर्षी ऋषिकेशला कयाकचा कोर्स करून आला आणि आता मित्रांबरोबर उत्तराखंडात टोन्स नदीवर जायचं म्हणतोय. मी नाही म्हटलं तर तो न सांगता जाईल, एवढं मला कळतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला काय विचारू म्हणजे खरं काय ते समजेल?

वल्हेकरीण | सोमवार, दुपारी १:४०

ताई, नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. टोन्स गंभीर नदी आहे, बर्फाचं गार पाणी, अवघडपणात ग्रेड चारपर्यंतचे टप्पे. एका कोर्सनंतर लगेच तिथे स्वतःच्या नावेत जाणं म्हणजे एसटी स्टँडवर गिअर शिकून घाटात ट्रक घालणं.

त्याला विचारा, गेल्या दहा वेळा उलटलास तेव्हा किती वेळा रोल झाला. तलावात नाही, वाहत्या पाण्यात. आकडा सांगताना तो छताकडे बघायला लागला तर उत्तर मिळालं. बरोबरच्या मित्रांत स्विफ्टवॉटर रेस्क्यूचं, म्हणजे वाहत्या पाण्यातून माणूस वाचवण्याचं, रीतसर प्रशिक्षण किती जणांनी घेतलंय ते विचारा. दोराची पिशवी आहे का हा प्रश्न पुरेसा नाही, ती कधी फेकून बघितली हा खरा प्रश्न. कमला नेहरू पार्कातसुद्धा सराव होतो. वीस मीटरवर कोणाला तरी उभं करून त्याच्या पोटावर दोर पडला पाहिजे, आणि पहिला चुकला तर लगेच दुसरा, दोर न गुंडाळता. नदीवरचा स्थानिक माणूस कोण आहे तेही विचारा.

आणि सगळ्यात शेवटी, सहज, जेवताना विचारा, "एखादा टप्पा सोडून काठाने चालत गेलास का कधी?" 'नाही, सगळे केले' असं अभिमानाने म्हणाला तर त्याला अजून एक वर्ष ऋषिकेशलाच पाठवा. तिथे शिवपुरीच्या खाली रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स नावाचे खळाळते टप्पे आहेत, हौस भागेल. वर 'द वॉल' आहे, तिथे चालत जायला शिकेल.

पर्ण_कुटी | सोमवार, दुपारी ४:२५

सगळे कौतुक करताहेत म्हणून विरोधी सूर लावते. तुम्ही तिसऱ्या पायरीला नाव उचललीत हे ठीक. पण पहिल्या पायरीला तुम्ही बुडता बुडता वाचलात, दोन रोल फसले, अंग गारठलं, डोकं ठिकाणावर नव्हतं (गॅसचं बुकिंग!). दुसरी पायरी केलीतच कशी? मी डोंगर चढते, तिथे असं कोणी केलं तर आम्ही त्याला दोरावर घेत नाही. शहाणपणाची गोष्ट म्हणून हा धागा वाचला जातोय, मला तो अर्धा वाटला. दुसऱ्या पायरीच्या आधी बाहेर पडायची वाट होती का?

वल्हेकरीण | सोमवार, रात्री ११:४८

दुपारपासून चार वेळा उत्तर लिहून खोडलं.

वाट होती. पहिल्या डोहाच्या उजव्या काठावरून लाकूडतोड्यांची गाडीवाट दिसत होती, दहा मिनिटांवर रस्ता. आजोबांनी विचारलंही, "बास?" मी म्हटलं, "नाही, मस्त आहे." हात इतके थरथरत होते की स्कर्ट बसवायला मैत्रिणीची मदत घ्यावी लागली. तिघांत मीच बाहेरची, मीच भारतातून आलेली, आणि मीच पहिल्या पायरीवर पोहले. लाज वाटली. दुसरी पायरी मी लाजेने केली. नीट झाली हे नशीब.

हे मुख्य लेखात लिहिलं नव्हतं, मुद्दामच. तुम्ही बरोबर पकडलंत.

पर्ण_कुटी | मंगळवार, सकाळी ७:३०

लिहिलंत हे बरं केलंत. माझ्याकडेही अशी एक गोष्ट आहे, ती मी अजून कुठेच लिहिलेली नाही.

तिरकस | मंगळवार, सकाळी १०:१२

मी पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण जरा बाजूला सरकवतो. एक व्यावहारिक शंका : तिथे काही झालं असतं तर खर्च कोण देतो? हेलिकॉप्टर वगैरे?

वल्हेकरीण | मंगळवार, दुपारी १२:५०

ऑस्ट्रियात डोंगरातल्या आणीबाणीचा नंबर १४०. ते येतात, आणि नंतर बिल येतं. साध्या प्रवास विम्यात बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले असतात, माझ्या पहिल्या पॉलिसीत होते. तो कागद भिंगाने वाचा. मी वेगळा विमा काढला होता. तो वापरावा लागला नाही, फक्त कॅमेऱ्याचे पैसे मागितले होते. तेही त्यात वगळलेले निघाले.

निवृत्त_पाटबंधारे | मंगळवार, संध्याकाळी ७:३५

रावळजेकर, एक विचारायचं होतं. आयुष्यभर पाणी काठावरून मोजलं, आत कधी गेलो नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला राफ्टमध्ये घेता का? पोहता येतं. गुडघे विशेष नाहीत. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे.

रावळजेकर | मंगळवार, रात्री ८:१०

काका, आधी डॉक्टरांचा होकार घ्या. त्यांनी हो म्हटलं तर मी पाणी शांत असेल तो दिवस बघून तुम्हाला मधल्या जागेवर बसवतो, वल्हं देणार नाही. आदल्या रात्री मला मेसेज टाका, भिऱ्याहून पाणी सुटणार का ते कळवतो. सकाळी लवकर निघा, ताम्हिणीत गर्दी असते.

निवृत्त_पाटबंधारे | मंगळवार, रात्री ८:१४

चष्म्याचं काय करायचं?

रावळजेकर | मंगळवार, रात्री ८:१५

दोरी बांधा. जाड.